पहिल्या गिअरमधली वरात

बातागाय, जानेवारी

नुरगून,

तिकडे खाणीवर तू धडधाकट असशील असं धरून आधी भांडून घेते, खुशाली मग.

"थंडीत हँडब्रेक ओढू नकोस, गोठून बसतो. गाडी गिअरमध्येच ठेव," असं तूच सांगून गेलास ना? ठेवली, पहिल्या गिअरमध्ये. काल सकाळी उणे पन्नास, आणि आईंना दवाखान्यात न्यायचं होतं. खोकला, दुसरं काही नाही. शेगडी खाली सरकवून इंजिन तापवलं, क्लच दाबून चालूही केलं, पण गिअरबॉक्समधलं तेल चरबीसारखं थिजलेलं. दांडा दोन्ही हातांनी ओढला, ढिम्म हलेना! शेवटी आईंना मागे बसवून पहिल्याच गिअरमध्ये निघाले. इंजिन नुसतं बोंबलत होतं. सगळं गाव खिडक्यांत.

वाटेत म्हातारा सेम्योन घोड्याची घसरगाडी घेऊन आमच्या पुढे गेला. वर विचारतो, "सूनबाई, दोर बांधू का?"

मागून आई खोकत खोकत म्हणाल्या, "बांध बाबा! घोड्याला दुसरा गिअर तरी आहे."

पोचलो एकदाच्या. छातीत जरा कफ आहे, म्हणून ठेवून घेतलंय. ऑक्सिजन लावलाय. घाबरण्यासारखं नाही म्हणतात. तू वेळेवर जेवतोस ना? लोकरी मोजे पुरतात का?

आईंनी बजावलंय, "त्याला काही कळवू नकोस, काम टाकून येईल." तेव्हा हे पत्र फक्त गाडीबद्दल आहे. गिअरबॉक्सला थंडीत न थिजणारं तेल हवंय. कुणाच्या हाती पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

संतापलेली,
कुन्नेय