हात आधी, आवाज मागाहून

धाकटे, खुशाली मागाहून विचारते, आधी शिडीवाला आला ते ऐक. इंटरनेटच्या कंपनीतून दोघं यायचे होते, एक साहेब आणि एक शिडीवाला. शिडी आली, साहेबाचा पत्ता नाही. मग तो शिडीला टेकून बसला आणि मी त्याच्यासमोर, आळीपाळीनं जांभया देत. (तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बोलायचेही थकले.)

साहेब आला एकदाचा. आल्या आल्या फोन कानाला लावून म्हणाला, आजी, आवाज झकास आहे की. आता याला कुठून सांगायला सुरुवात करावी? म्हटलं, बाबा, आवाज तुझा तू ठेव. माझी बहीण लहानपणी तापात बहिरी झाली, आम्ही हातांनी बोलतो. त्या खुणाही आमच्या दोघींच्याच, तिसऱ्याला कळत नाहीत. मग त्याला रविवारच्या व्हिडिओ कॉलचं सांगितलं, की मी तुला विचारलं, लेकाचं घर सोडून माझ्याकडे कायमची राहायला येतेस का, तू उत्तराला हात उचललेस, आणि पडद्यावर नुसती ठिगळं. मागचं कपाट लख्ख. तुझ्या लेकाचं खोकणं तर इतकं स्वच्छ की मीच पाणी प्यायले. (तुम्ही काय विचारलंत, हे साहेबानं विचारलं. म्हटलं, घरातलं आहे.)

तर त्यानं जे समजावलं ते मला समजलं तेवढं लिहिते. चित्र अख्खं येतच नाही म्हणे. कपाट एकदा पाठवलं की झालं, पुढं हललेलं तेवढंच पाठवतात. तेही बारीक बारीक पाकिटं करून, आणि वाटेत गर्दी झाली की काही पाकिटं सरळ टाकून देतात. म्हणजे बघ, तू जितकी जीव तोडून बोलतेस तितकी कमी दिसतेस. आणि गर्दीत आवाजाला वाट आधी. हमी म्हणे आवाजाची. चित्र जमेल तसं. (जमेल तसं म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केला, मला नको सांगू.) वर म्हणतो, बहिणीला सांगा, हात जरा सावकाश हलवा. तुला सावकाश बोल म्हणायचं. आईचा जन्म गेला त्यात.

मग मीच म्हटलं, वाट तुमचीच आहे ना, मग आमच्या घरापुरतं चित्राला पुढं घाला आणि आवाजाला मागं. साहेब शिडीवाल्याकडे बघतो, शिडीवाला शिडीकडे. असं कुणी मागितलंच नव्हतं म्हणे. पण केलं. आणि काय सांगू, भाचीला फोन लावून बघितला तर तिच्या बांगडीवरची नक्षी मोजून घ्यावी. मला इतका आनंद झाला की दोघांना दुसऱ्यांदा चहा दिला, तोही साखर घालून.

आनंद टिकला सूनबाईच्या कामाच्या वेळेपर्यंत. ती घरूनच ऑफिस करते हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. तिचे वरिष्ठ पडद्यावर तोंड हलवतायत, नाकावरचा तीळ दिसतोय, शब्द एक नाही. ती दारात येऊन शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही नेमकं काय केलंत?" ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सांगितलं. ती खाली बसली. या घरात आता बहिरं कोण, तेच कळेना.

असो, दमले. जपून राहा.

थोरली

ता. क. हे शिंपीणबाईंच्या हाती पाठवतेय. तुझ्या लेकाच्या मोबाइलवर लिहिलं असतं तर आधी त्यानं वाचलं असतं. उत्तरही त्यांच्याच हाती दे. एक शब्द पुरे.

पुन्हा ता. क. घाई नाही असं रविवारी म्हटलं होतं, ते खोटं. खिडकीजवळची खोली मी रोज झाडते. आणि कालपासून सूनबाई माझ्यापेक्षा जास्त विचारते, मावशी कधी येणार. तू इथं आलीस तर चित्र लागतंय कुणाला? तेव्हा हो असेल तर त्या दोघांना आवाज पुन्हा पुढं घालू देते. नाही असेल तर सूनबाई काय म्हणायचं ते म्हणो, मी दार उघडत नाही. सूनबाईनं त्यांना बोलावलंय, गुरुवारी येतो म्हणालेत.