बोर फोर्टी

२८ सप्टेंबर

निघालं! इंजिन निघालं! शेडच्या लोखंडी पोलला चेन-पुली अडकवली, लेथ शॉपवाल्या इंद्रकुमार भैयानं दोन माणसं पाठवली, आणि कॉन्टेसाचं अख्खं इंजिन हवेत! मी खाली उभी, नाकाला ग्रीस. बर्थडेसारखं वाटून राहिलं होतं.

आई दारातून — "पडन अंगावर, तं मले आवाज नको देजो."

बाबा आलेच नाहीत. गाडी त्यांचीच आहे! आमच्या मुर्री गावातले निम्मे नवरदेव या गाडीत बसून गेले. दर दिवाळीला आई-बाबा हिच्यातच चिचगडला मामाकडे मंडईला, म्हणजे तिथल्या जत्रेला, जायचे. मग एका वरातीत रेडिएटरचं पाणी संपलं, नाचणारे हटेनात, इंजिन जाम. तेव्हापासून ती शेडमध्ये, बारदान्याखाली. मंडईला आता एसटी.

बाबांची अट — "धान घरी आला का मले शेड खाली पायजे. तवापर्यंत चालली तं ठीक. नाई तं भंगारवाला."

दिवाळीनंतर कापणी. वेळ कमी. आणि मला नुसती चालू नाही करायची. पळवायची आहे!

१ ऑक्टोबर

व्हिडिओवाले सगळे सांगतात — जुनं इंजिन फेका, दुसरं मोठं बसवा. माझ्याकडे ट्रॅक्टर शोरूमचा पगार आहे आणि दोन हात. म्हणून प्लॅन असा — सिलिंडरचा बोर मोठा करायचा, हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट मीच पॉलिश करणार. एक्झॉस्टचे पाइप गेट-ग्रिलवाल्याकडून वाकवून घ्यायचे. त्याला चार पाइपचं चित्र दाखवलं. खूप वेळ बघत बसला. "मॅडम, ये कैसा गेट है?"

३ ऑक्टोबर

काल दसरा. इंजिनच्या ब्लॉकला हळदी-कुंकू, आपट्याचं पान. बाबांनी ट्रॅक्टरची पूजा केली. हातात एक झेंडू उरला होता, तो जाता जाता ब्लॉकवर टाकला. चुकून असेल.

७ ऑक्टोबर

पिस्टन मिळाले! नागपूरच्या एका जुन्या दुकानात धूळ खात पडले होते. फोर्टी साइज! फोर्टी म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, सिलिंडर फक्त एक मिलिमीटरनं मोठा. पण तेवढ्यानं फरक पडतो.

भैयानं मशीन लावली आणि मला राहवेना. बाबांना फोन केला. शॉपमध्ये इतका आवाज की मी नुसती ओरडून राहिली होती — "बाबा! बोर मारून राहिली! फोर्टी! माझ्या पगारातून!"

तिकडून — "बोर? खरंच वो?"

"हो! आत्ताच मशीन लागली!"

"बेटा..." एवढंच म्हणाले. मग तिकडे आईला हाका.

शेवटी समजलं त्यांना! भैयाला समोसे खाऊ घातले.

८ ऑक्टोबर

काल संध्याकाळी घरी आली तर अंगणात पाच-सहा माणसं. पाटावर नारळ, अगरबत्ती. बाबा नव्या शर्टात. शेजारचे उदाराम काका पण होते. उन्हाळी धानाला पाणी आम्ही त्यांच्याच बोरचं घेतो, आणि दरवर्षी बाबांना त्यांच्या मागंमागं फिरावं लागतं.

बाबा — "मशीन कवा येऊन रायली वावरात?"

"वावरात कायले? ती तर शॉपमध्येच असते."

"मंग बोर?"

मी बॅगमधून जुना पिस्टन काढला. सांगितलं, हा ज्याच्यात वर-खाली होतो ना, तो बोर.

मग उदाराम काका — "चाळीस फुटात पानी कसा लागन, मी तवाच म्हनलो होतो!" आणि जे हसले! सगळेच हसले. मी पण हसली. मग बाबांकडे बघितलं. दुपारीच त्यांनी काकांना सांगून टाकलं होतं — यंदा तुह्या बोरची गरज नाई.

नारळ तसाच राहिला. आईनं उचलून देवाजवळ ठेवला.

बाबा उठले. "चालो का नोको चालो. धान आला का इकतो गाडी."

१० ऑक्टोबर

गावभर एकच — "पानी लागला का?" मला विचारतात, चालते. बाबांना पण विचारतात. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

काम थांबवलं नाही. विकली तरी चालू करूनच विकू देईन!

१४ ऑक्टोबर

चारही पिस्टन, चारही रॉड सारख्या वजनाचे पाहिजेत, नाहीतर इंजिन थरथरतं. इतका बारीक काटा कुठे? आईच्या सोनाराकडे! त्यानं रॉड लाल मखमलीवर ठेवला. "ताई, मोडायचं आहे का नवीन घडवायचं?"

जड निघाले ते तिथेच ओट्यावर बसून घासले. आई काट्याजवळ एकदम सिरियस — "तिसरा अजून भारी हाये वो. घास." मस्त दिवस!

१९ ऑक्टोबर

इंजिन परत गाडीत. गेटवाल्यानं एक्झॉस्ट असा वाकवला की काय सांगू! फोटो काढून नेला. म्हणे गिऱ्हाइकांना दाखवीन.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. स्टार्टर मारला — धडाम! सायलेन्सरमधून जाळ. परत मारला — धडाम! उदाराम काकांचे नातू कंपाउंडवर चढले — "दीदी, एक और! एक और!"

ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटरच उलटा बसवला होता मी. इतका मेकॅनिकलचा डिप्लोमा करून! हसून हसून पोट दुखलं.

२२ ऑक्टोबर

चालू झाली!!!

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. रेस दिली की छातीत वाजतं. बाबा ताटावरून उठून आले, खरकट्या हातानं तसेच उभे राहिले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"रेडिएटरमंदी पानी पायलं का?"

"पाहिलं."

"पुना पाय."

आणि आत गेले.

२५ ऑक्टोबर

धान कापून झाला. भंगारवाल्याचा फोन आला होता. बाबा बाहेर जाऊन बोलले. मी विचारलं नाही.

दुपारी आमच्याकडच्या गोरेगाव रोडवर एकदा पळवली तिला. दुसऱ्या गिअरमध्येच मान मागे गेली. एवढं तरी माझं झालं.

किल्ली बाबांच्या हातात दिली. त्यांनी खिशात टाकली.

२६ ऑक्टोबर

उशिरा उठली. शेड खाली. गाडी नाही! रडतच आईला हाका मारल्या. आई पण नाही, बाबा पण नाहीत. शेडच्या दारात पाय ओला झाला. बघते तर नारळ फुटलेला. बोरचा नारळ.

आत्ता चिचगडहून चैतराम मामाचा फोन — "काऊन वो पोट्टी, तुहा बाप मंडईत बोनट उघडून उभा हाये न! सगळ्याइले सांगून रायला — माह्या पोरीनं बोर मारला, फोर्टी! म्या इचारलं, फोर्टी म्हंजे का? तं म्हन्ते — माह्या पोरीले माहीत."