कचेरीतून वजा केलेली जागा

सर, गेल्या दिवाळीत आम्ही घर बदलले. तुम्ही गेल्यानंतर करसल्ल्याचे काम मी राहत्या घरातूनच चालवत आलो, त्यामुळे घरासोबत कचेरीही हलली. जुने घर भाड्याचे होते, नवेही भाड्याचेच आहे. आता जुलै आहे. अशिलांची विवरणपत्रे भरून झाली आणि तुमच्या शिरस्त्याप्रमाणे सर्वांत शेवटी मी स्वतःचे काढून बसलो आहे. घराचा जेवढा भाग व्यवसायासाठी वापरला, तेवढ्याच भागाचे भाडे आणि वीजबिल खर्च म्हणून उत्पन्नातून वजा मागता येते. वर्षात घरे दोन, म्हणून मोजमापेही दोन. दिवाळीपर्यंत जुनी खोली, पुढे मार्चअखेर नवी. यात माझ्या हातून चूक होणार नाही, कारण ती मी एकदा तुमच्यासमोर करून बसलो आहे.

बी. कॉम. होऊन तुमच्याकडे लागलो, ते पहिलेच वर्ष होते. तुम्ही दसऱ्याला शाहूपुरीतून राजारामपुरीत राहायला आला होता आणि तुमच्या विवरणपत्राचा मसुदा मी केला होता. नव्या घराची पुढची खोली मी सरळ पूर्ण वर्षासाठी धरली. तुम्ही कागद वाचता, चष्मा कपाळावर सरकवता आणि विचारता, "एप्रिलपासनं दसऱ्यापतूर मी कुठं बसत होतो रं? बिंदू चौकात?" आत काकू हसतात. मी मान खाली घालून दुरुस्ती करू लागतो, तेवढ्यात तुम्ही टेपचे एक टोक माझ्या हातात देता. खोली मोजून झाल्यावर तुम्ही कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे काकूंचे तांदळाचे पिंप होते. त्यांच्या माहेरचा, गगनबावड्याकडचा तांदूळ. स्वयंपाकघरात ओल धरते म्हणून तो पुढच्या खोलीत ठेवलेला. "एवढी जागा वजा कर. हितं तांदूळ बसत्यात, मी न्हाय." पिंप आत सरकवले तर पूर्ण खोली धरता येईल, असे मी सुचवले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "कागदासाठी तिचं पिंप हलवू व्हय? तिचं घर हाय हे. तू कागद बदल." काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तांदळालाबी पगार लावा की मग."

पुढे तीस वर्षे ही हकीकत मी तुमच्या काटेकोरपणाची म्हणून सांगत आलो. चार चौरस फूटसुद्धा जास्त न मागणारे आमचे सर, असे सांगताना मला अभिमान वाटे. त्या हकीकतीतले अर्धेच मी ऐकले होते, हे या महिन्यात कळले.

नव्या घरात चांगला उजेड एकाच खोलीत येतो. ती मी कचेरीसाठी घेतली. सामान लागले त्या दिवशी पत्नीने तिचे शिलाई मशीन त्या खोलीच्या खिडकीशी मांडले होते. खोली निव्वळ व्यवसायाची असली की मागणी निर्वेध होते, हे मी तिला समजावले आणि मशीन मागच्या गॅलरीत ठेवू म्हणालो. "न्या की," ती म्हणाली. "फकस्त तुमच्या कागदात माझी खुर्ची कुठं बसती, तेवढं बघून ठेवा." मी ते विनोद म्हणून घेतले. गेल्या आठवड्यात घराचे एकूण क्षेत्रफळ काढण्यासाठी टेप घेऊन गॅलरीत गेलो. मशीन प्लास्टिकच्या कागदाखाली झाकलेले होते आणि त्या कागदावर पाणी साचले होते. किती दिवस बंद आहे, असे विचारले. "पाऊस लागल्यापासनं," ती भाजी निवडत म्हणाली. "नातीचं झबलं एका बाहीवर राहिलंय. राहू दे, बाजारात मिळत्यात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर देता आले असते.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी मशीन उचलून खिडकीशी आणले. खुर्ची धरून ते तीन बाय चार फुटांत बसते. माझी खोली दहा बाय बाराची, म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. तेवढा मी तक्त्यातून वजा केला. आता शेजारी मशीन चालते आणि मी लिहितो. मध्येच ती म्हणते, "आवाज होतोय का तुमच्या आकड्यांना?"

सर, हा कागद तुमच्या हाती आला असता तर तुम्ही तो परत केला असता. विवरणपत्र मार्चअखेरच्या वर्षाचे आहे आणि त्या वर्षी मशीन गॅलरीतच होते. कायद्याने ती बारा चौरस फूट जागा माझ्या कचेरीचीच ठरते. म्हणजे हा आकडा चुकीचा आहे आणि तो मी जाणूनबुजून लिहिला आहे. तेवढी जागा वजा का केली, असे तिने विचारले तेव्हा मी सांगितले, नियमच तसा आहे. हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणूनच एवढे लिहू शकलो: तिची माफी मागायची होती, आणि मला ती फक्त तक्त्यात मागता आली.