तापात गोळी बंद

तीर्थस्वरूप अक्का,

रावेतहून मुकुंदाचा चार हात लांबून नमस्कार. (जवळून केला असता, पण खोकला अजून पुरता गेलेला नाही.) काल फोनवर तुझी ढास ऐकली. विचारलं तर 'धूळ उडतीय' म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुमच्या कऱ्हाडात एवढी धूळ कुठून आली ते तूच जाणे. तब्येतीचा विषय निघाला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्राला लाल बटण नसतं. घाबरू नकोस, तुझ्याबद्दल यात अवाक्षर नाही. सगळी माझीच फजिती आहे.

तर आमच्या चाकणच्या कंपनीत सर्दीतापाची साथ आली. अख्खी शिफ्ट शिंकायला लागली. मी क्वालिटीवाला, दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढून लाल टॅग लावणारा, तेव्हा आपल्याला काही होत नाही अशी माझी समजूत. मग मीच तापलो. तोंडाला चव नाही, जेवण जाईना. लगेच आपल्या घरचा नियम काढला : पोटात अन्न नाही तर साखरेची गोळी कशाला? गोळी बंद. (हा नियम कुणी घालून दिला, ते नंतर बघू.)

गोळी बंद आणि काढा सुरू. आमच्या सोसायटीत माणूस खोकला की दार वाजतंच. समोरच्या शेखररावांनी गावाकडचा गूळ घालून काढा आणला, कारण गूळ म्हणजे काही साखर नव्हे. पोळ्या करणाऱ्या छबूबाईंनी मध आणला. "मध कधी बाधतो व्हय? आमचा म्हातारा मधावरच हाय!" पद्मा ओरडत होती, "अहो, साखर तपासा!" मी म्हटलं, उपाशी माणसाला कसली साखर? आणि खोकल्याचं गोड औषध झाकणाने न मोजता अंदाजाने प्यालो.

बरं वाटतंय असं ठरवून मी कामावर गेलो. तहान अशी, की माझ्या हाताखालचा धनेश म्हणाला, टेबल कूलरपाशीच हलवू या. दुपारी मी चांगल्या मालालाच लाल टॅग लावत सुटलो. अख्खी ट्रॉली रिजेक्ट! लाइन थांबली. धनेशने मला दंडाला धरलं. "सर, आता टॅग तुम्हालाच लावावा लागतोय राव," म्हणाला आणि थेट कंपनीच्या दवाखान्यात घेऊन गेला.

साखर चारशेच्या वर. डॉक्टर वर्षाली, आपल्या ऋचाच्या वयाची, मला अशी बोलली की तुझी आठवण झाली. "काका, विषाणूशी झगडताना शरीर आपणहून रक्तात साखर सोडतं, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. आणि साखर चढली की झगडायची ताकद कमी होते. गोळीचं काय करायचं ते आम्हाला विचारायचं!" म्हणजे ताप आणि साखर एकमेकांचे व्याही, एक मुक्कामाला आला की दुसऱ्याला बोलावून घेतो. त्यांचा पाहुणचार माझ्या छातीला भोवला, कफ साठून संसर्ग झाला. रुग्णालयात सलाइन लावून ठेवलं, तेव्हा पद्मा बाकावर बसून होती आणि एकदाही ओरडली नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

आता ठणठणीत आहे. मिहिरला आशीर्वाद सांग, दिग्विजयला कामाला लाव.

तुझा बिनसाखरेचा भाऊ,
मुकुंद

ता. क. : डिंकाचे लाडू पाठवू नकोस. (पद्मा मागे उभी आहे.)

आणखी ता. क. : तो नियम तुझाच, अक्का. मला साखर निघाली तेव्हा तूच म्हणालीस, 'ताप आला की गोळी बंद, मी हेच करते.' दिग्विजय सांगतो, तू परवापासून चहाबिस्किटावर आहेस. म्हणजे गोळ्याही डब्यातच. मला एकच अक्का आहे गं. भीती वाटते.

शेवटचं : चष्मा सापडत नाही ही सबब नको, म्हणून पत्राचा फोटो तुझ्या लेकाला पाठवलाय. दिग्विजयच हे मोठ्याने वाचतोय. तुमच्या तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय, रिक्षा दारात उभी आहे. त्याच्या दुसऱ्या हातात बघ, तुझ्या चपला आहेत. पत्र संपलं. घाल.