पिवळ्या खांद्यांची मादी

रोल्ला, शारजा
१२ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार

रफिक,

सलाम. आम्ही खुशाल. तूही असशीलच, नाहीतर जहांआराभाभीनं ताजबीला कळवलं असतं. आपण दोघं तीन वर्षं बोलत नाही, पण आपल्या बायका रोज फोनवर असतात. त्यामुळे तुझ्या बीपीपासून तुझ्या अजमानच्या गच्चीवरच्या नव्या जाळीपर्यंत सगळं मला माहीत आहे.

फहद कॉलेजात गेला. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतो. बाकी मुलगा चांगला आहे.

कबुतरांचं म्हणशील तर उत्तम चाललंय. म्हणजे जी आहे ती उत्तम आहे. नजमी उस्तानं सलून बंद करून तुर्कस्तानला परत जाताना आपल्याला हुंकारी कबुतरांच्या जोड्या वाटून दिल्या होत्या. आपल्याला दाढीच्या खुर्चीत बसवून शिकवायचा तो: छातीवर झालर, चोच आखूड, अंग पांढरं, रंग फक्त खांद्यांवर. माझ्याकडची काळ्या खांद्यांची गेली, निळी गेली, तपकिरी या उन्हाळ्यात गेली. मध्ये उस्ताशी फोनवर बोललो. त्याच्या गावातसुद्धा आता युरोपातल्या मोठ्या डोक्याच्या कबुतरांशी संकर करतात आणि पिवळ्या खांद्यांचं विचारलं तर हसतात. म्हणजे तुझ्यासारखे शहाणे तिकडेही आहेत.

त्या दिवशी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "रफिकची कबुतरं म्हणजे लग्नाचा बँड. रंग खूप, सूर एक नाही." त्यावरून तू उठून गेलास. ते वाक्य मी मागे घेत नाही. चांगलं वाक्य आहे.

आता एक गंमत ऐक. माझा पिवळा नर सप्टेंबरात मेला. (ही गंमत नाही, ती पुढे आहे.) मादी एकटी राहिली, म्हणून पक्षीबाजारातून एक नर आणला. खांदे असे पिवळेधम्मक की उस्तानं मुका घेतला असता. घरी आणून तसराळ्यात पाणी ठेवलं. नर मजेत न्हाला. फहद गच्चीवरून ओरडला, "अब्बा, युअर पिजन इज लीकिंग!" जाऊन बघतो तर पाणी पिवळं आणि नर पांढरा! ताजबीनं बोट बुडवून वास घेतला. "हा तर बिर्याणीचा रंग," म्हणाली. मग पदराला बोट पुसत म्हणाली, "रफिकभाईंकडे उस्ताचा एक पिवळा आहे ना? वेगळा ठेवलेला?"

मला ठाऊक होतं. संकर करणाऱ्या माणसानं तो एक नर कशात मिसळू दिला नाही, हे तीन वर्षं मला ठाऊक आहे.

मादी म्हातारी होत चालली आहे. या हिवाळ्यात अंडी घातली तर घातली, नाहीतर इकडची पिवळी खलास. शिवाय आखूड चोचीमुळे हुंकारी आपल्याच पिल्लांना नीट भरवू शकत नाहीत, हे तुला सांगायला नको. तुझ्याकडे भरवणारी साधी कबुतरं आहेत. माझ्याकडे मी आहे. मागची पिल्लं मी हातानं भरवत होतो. ताजबी म्हणाली, फहदला एवढं कधी भरवलं नाहीत. तरी पिल्लं जगली नाहीत.

म्हणून तुझा नर मला नको. मीच मादी घेऊन येतो, पुढच्या शुक्रवारी, जुम्यानंतर. तिला तुझ्याकडेच ठेव. अंडी होतील ती साध्या कबुतरांखाली सरकव. पिल्लं पिवळी निघाली तर श्रेय खुशाल घे, चहाच्या दुकानात जाऊन सांग. मी गप्प बसेन. प्रयत्न करीन.

माझ्या गच्चीवर मग त्या बिर्याणीवाल्या नराशिवाय काहीच उरणार नाही. म्हणजे पिल्लं बघायची तर मला अजमानला यावं लागणार, आणि मी एकदा बघून समाधान मानणारा माणूस नाही. तू घरी नसलास तरी येईन. असलास तर बरं.

दार उघडायला तूच ये, भाभीला पाठवू नकोस.

तुझा,
अजून तितकाच तोंडाळ,
मुश्ताक