दोन डाव्या बाह्या

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले सहज, सरळ व्हायला दहा मिनिटं लागली, पत्राला उशीर झाला तो त्यामुळेच.) आपला गुडघा आणि आपला राग, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. माझ्या छातीतली गाठ काढून वर्ष होत आलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता रोज फक्त एक गोळी, पाच वर्षं. ती म्हणे अंगातलं बाईपणाचं हार्मोन आटवते, म्हणजे आजाराला पुन्हा डोकं वर काढायला खाऊ मिळत नाही. गोळी एवढीशी, पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी.

हार्मोन गेलं ते जाताना माझी झोप, सांध्यांचं तेल आणि निम्मी अक्कल घेऊन गेलं. गेल्या महिन्यात हेडमास्तर कोटाच्या ट्रायलला आले. पुढच्या खोलीत त्यांना टाचण्या लावून उभं केलं आणि अचानक माझ्या अंगातून वाफा निघू लागल्या. ‘आलेच हं’ म्हणून आत गेले ती फ्रिज उघडून त्यात डोकं घालून उभी राहिले. इतकं बरं वाटलं, की बाहेर एक माणूस टोचून ठेवलाय हे साफ विसरले. (विसरणं हाही गोळीचाच गुण. तिच्या खोक्यातला कागद उलगडला तर टेबलावर मावत नाही. तुमचे बंधू तो मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघतात.) अर्ध्या तासाने हेडमास्तर दोन्ही हात पसरून, बुजगावण्यासारखे, स्वयंपाकघराच्या दारात हजर. पुढे कोट तयार झाला तर दोन्ही बाह्या डाव्या! तरी ओरडले नाहीत. म्हणाले, "राहू द्या, मी उजवा हात खिशातच ठेवतो."

हेच मला सहन होत नाही, वन्सं. दुखणं आल्यापासून सगळे गोड झालेत. बावीस वर्षांत ज्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला नाही, ते तुमचे बंधू सकाळी एका तळहातावर गोळी आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन उभे असतात. डॉक्टरीणबाई इतक्या मायेने विचारतात, "काही त्रास?" बाहेर चाळीस बायका ताटकळलेल्या. मी म्हणते, "छे हो, अगदी मजेत." आणि सकाळी बोटं अशी आखडलेली, की कोमट पाण्यात हात बुडवल्याशिवाय कात्रीत अंगठा जात नाही. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते. मी! भीती वाटते हो. बोटं गेली तर मी काय करू, आणि गाठ परत आली तर काय करू, याच्यापुढे विचार जात नाही. बाकी सर्व क्षेम.

आपली आज्ञाधारक (खोटं आहे, पण पत्रात शोभतं),
भावजय

ता. क. पंधरा दिवस मी गोळी घेतलेली नाही. नुसतं पाणी पिते. तुमच्या बंधूंची पाठ वळली, की मुठीतली गोळी बटणांच्या डब्यात जाते. बोटं जराशी सैल झाल्यासारखी वाटतात, पण भीती दुप्पट झाली आहे.

ता. क. दुसरा. मंगळवारी तपासणी आहे. तुम्ही या. आपलं कधीच पटलं नाही. लग्नानंतर आठ दिवसांत तुम्ही माझ्या शिलाईला ‘उसवायला सोपी’ म्हणाला होतात, ते मी विसरलेले नाही. (गोळीचाही इथे इलाज चालला नाही.) म्हणूनच तुम्ही हव्यात. मी ‘अगदी मजेत’ म्हणायला तोंड उघडलं, की तिथेच मला झापा आणि खरं ते सांगा. गोळी बदलून मिळते का, बोटांसाठी काही उपाय आहे का, हे विचारायला माझी जीभ रेटणार नाही. बंधूंना आधी कळवू नका, रडत बसतील.

ता. क. तिसरा. एवढं लिहून झाल्यावर लाज वाटली, म्हणून आजची गोळी डब्यातून शोधून घेतली. पहिली तोंडात टाकली तिला चार भोकं होती. दुसरी कडू लागली, म्हणजे तीच.