सावलीची बाजू

४ जाने.
काचबिंदूने डावा डोळा गेलेलाच. आज उजव्याचा रिपोर्ट. डॉ. म्हणाले, वर्ष-दीड वर्ष धरून चला. ह्यांनी रिक्षात माझा हात धरला, विठ्ठलवाडीला घरी येऊन टीव्ही लावला. मी सांगून टाकलं, लक्षद्वीपला जायचं ते आत्ताच. वरून बेट बघायचंय. हिरवं पाणी, मध्ये पांढरी वाळू. बाकी काही नको.

७ जाने.
जवळच्या कॅम्प ४ वस्तीतल्या विमान-तिकीटवाल्याकडे एकटी गेले. सिंधी, पण मराठी झकास. "भाभी, कोचीहून पुढे छोटं विमान. जाताना डावी खिडकी, येताना उजवी. पंख वर असतात, नीचे सब साफ दिखेगा." ६ए घेतली, ह्यांना शेजारची. चांगला डोळा उजवा, म्हणजे मान पूर्ण फिरवावी लागणार. फिरवीन. दीड तासाचा तर प्रश्न.

१९ जाने.
बॅगा भरल्या. चिवडा, बाम, टोप्या. माझे ड्रॉप्स आहेत ना, हे ह्यांनी तीनदा बघितलं. माणूस वाईट नाही. तेच तर.

२३ जाने., अगत्ती बेट
कोचीला मी बॅगांपाशी, हे काउंटरवर. पास हातात दिला तर ६एफ. उजवी. म्हटलं, चुकलंय.
"चुकलं नाही, मी बदलून घेतली. सकाळचं ऊन डावीकडून येणार. तुझ्या डोळ्यांना त्रास नको."
गावच्या एस्टीत चढतानासुद्धा हे आधी कंडक्टरला विचारतात, ऊन कुठल्या बाजूला. मला विचारलं नाही. विमान फुल्ल. एअर होस्टेस गोड हसून नाही म्हणाली.
माझ्या बाजूला नुसतं धुरकट पाणी. शेवटी डावीकडचे सगळे बघा बघा करायला लागले. हे मान लांब करून त्यांच्या खिडकीतून बघत होते. "काय सुंदर आहे गं," म्हणाले. मला ह्यांची पाठ दिसत होती.

२५ जाने.
बेट चांगलं आहे. पण खाली उभं राहिलं की समुद्र म्हणजे समुद्र. हे फोनवर लेकीला, "वरून काय दिसतं, आईला विचार." फोन घेतला, छान होतं म्हटलं.
डोळा जाणार त्याचा एवढा राग नाही येत. ह्यांच्या मायेचा येतो. सत्तावीस वर्षं माझं सगळं हेच ठरवतात, आणि दर वेळी माझ्याच भल्यासाठी. भांडणार तरी कशावरून?

२७ जाने.
उद्या परत. हे आंघोळीला गेल्यावर तिकीटवाल्याला फोन केला. मला ११एफ, ह्यांना पुढे तिसऱ्या रांगेत, पलीकडे. सावलीत.
"साब को साथ में नहीं, भाभी?"
नाही म्हटलं.
हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. "सीटा बाजूबाजूलाच आहेत ना? ड्रॉप्स घालायचे असतात तुला."
हो म्हटलं.
दुपारपासून ढग आलेत.